पक्षाघात, प्लेटलेट्स आणि रक्ताची गुठळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला झटका आला की दोन-चार दिवसांत रक्ताच्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतो आणि प्लेटलेटच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला असतो. खाली प्रश्न एकच असतो, ‘हे बरोबर आहे ना?’ असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. इथलं वाचून कुठलीही गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. तुमच्या पेशंटचा सीटी स्कॅन तुमच्या डॉक्टरांनी पाहिला आहे, मी नाही.

१. पक्षाघात, लकवा, पॅरालिसिस, ब्रेन स्ट्रोक हे सगळं एकच का?

बोलण्यात एकच. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडला की त्या भागाच्या ताब्यातलं काम थांबतं. कुणाचा हात गळतो, कुणाचं तोंड वाकडं होतं, कुणाची वाचा जाते. उपचारांच्या दृष्टीने मात्र यात दोन वेगळे आजार आहेत. साधारण पाचांतल्या चार जणांत गुठळीने रक्तवाहिनी बंद होते, उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र जवळजवळ उलटे. पुढची बरीच उत्तरं या फरकावर उभी आहेत.

२. प्लेटलेट्स म्हणजे डेंग्यूत कमी होतात त्याच ना?

त्याच. आपल्याकडे डेंग्यूच्या साथीत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं सर्रास म्हणतात आणि बहुतेक वेळा मनात प्लेटलेट्सच असतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, त्या वेगळ्या. प्लेटलेट्स, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या बिंबिका, या अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींपासून तुटून निघालेले बारीक तुकडे. एक तुकडा दोन-तीन मायक्रोमीटरचा, तांबड्या पेशीपेक्षाही लहान, आणि त्यात केंद्रक नसतं. केंद्रक नसणं ही बाब लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये ती कामाला येणार आहे. आयुष्य ७ ते १० दिवसांचं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख हा नेहमीचा आकडा.

रक्त गोठण्याशी या तुकड्यांचा संबंध आहे हे इटलीतल्या तुरीन शहरात काम करणाऱ्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास दाखवलं. त्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत होत्या, पण कचरा समजून सोडून दिल्या जात.

३. गुठळी तयार होते तरी कशी?

पाटाचा बांध फुटल्यावर शेतकरी काय करतो ते आठवा. आधी हाताला येतील ती ढेकळं भगदाडात टाकतो, मग ती वाहून जाऊ नयेत म्हणून काट्याकुट्या, फांद्या अडकवतो. शरीर हेच करतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रथिन त्यावर चिकटतं आणि वाहत जाणाऱ्या प्लेटलेट्सना धरतं. धरली गेलेली प्लेटलेट आकार बदलते, तिला काटे फुटतात आणि ती आपल्या पोतडीतली रसायनं बाहेर टाकते. त्यातली दोन आपल्या कामाची, थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी. ही जणू हाळी असते. ती ऐकून आजूबाजूच्या प्लेटलेट्स जाग्या होतात आणि फायब्रिनोजेनच्या दोऱ्याने एकमेकींना बांधून घेतात. ही झाली ढेकळं.

काट्याकुट्यांचं काम फायब्रिन करतं. यकृतात तयार होणारे गोठण घटक एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनोजेनचं चिवट जाळं विणतं. थ्रॉम्बिन प्लेटलेट्सनाही चेतवतं, म्हणजे दोन्ही कामं एकमेकांना ढकलतात.

बोट कापलं तर हे वरदान. मानेतल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर तडकला तरी शरीराला तो कापल्याची जखमच वाटते आणि तिथेही हाच बांध घातला जातो, तोही वाहत्या पाटाच्या मधोमध.

४. बाबांच्या प्लेटलेट्स अडीच लाख, म्हणजे अगदी नॉर्मल. मग गुठळी झालीच कशी?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हा. गल्लीत पोरं किती आहेत यावरून आज भांडण होणार का ते सांगता येत नाही, पोरं किती तापली आहेत यावर ते ठरतं. रिपोर्टमधला आकडा फक्त मोजणी सांगतो. प्लेटलेट्स किती चटकन चिकटतात, किती जोरात हाळी देतात, हे त्यात दिसत नाही. गुठळीने स्ट्रोक झालेल्या बहुसंख्य पेशंटची संख्या नॉर्मलच असते.

वृत्ती मात्र बदललेली असते. मधुमेह, तंबाखू-सिगारेट, वाढलेलं कोलेस्टेरॉल, वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि अंगातला दाह यांनी रक्तवाहिनीचं अस्तर खरबरीत होतं. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवत असतं, तो लगाम सैल होतो. झटका येऊन गेल्यावर पुढचे काही दिवस प्लेटलेट्स अधिकच चेतलेल्या असतात आणि दुसऱ्या झटक्याची सर्वाधिक भीतीही त्याच दिवसांत असते. म्हणून ‘संख्या नॉर्मल आहे, मग गोळी कशाला’ हा हिशेब चुकतो. गोळी वृत्तीवर चालते, संख्या ती कमी करत नाही.

५. मग प्लेटलेट किती चिकट आहेत हे मोजायची टेस्ट करून घेऊ का?

अशा तपासण्या आहेत आणि मोठ्या शहरांतल्या काही लॅबमध्ये होतातही. पण वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल एकमेकांशी नीट जुळत नाहीत, आणि त्या निकालावरून औषध बदललं म्हणून पुढचे झटके टळले असं ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून प्रत्येक पेशंटला ती सांगत नाहीत. त्या पैशांत घरी रक्तदाब मोजायचं चांगलं मशीन येतं.

६. तोंड वाकडं झालेलं दिसलं की लगेच डिस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, चघळायला द्यावी का? हार्ट अटॅकला देतात ना?

देऊ नका. छातीत दुखताना अ‍ॅस्पिरिन देण्यामागे कारण आहे, हार्ट अटॅक बहुधा गुठळीनेच होतो. मेंदूच्या बाबतीत पाचांतला एक रक्तस्राव असतो (प्रश्न १) आणि तो कोणता हे सीटी स्कॅनशिवाय अनुभवी डॉक्टरालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन दिली तर आगीत तेल. शिवाय गिळायला त्रास होत असेल तर गोळी आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी, चहा, साखर, कांदा हुंगवणं, यातलं काहीही नको.

करायचं ते एवढंच. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून घ्या, चालू गोळ्यांची पिशवी उचला, १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो अशा ठिकाणी जा. जवळचा दवाखाना गाठून सलाइन लावून बसण्यात जो वेळ जातो तो परत येत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

७. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं म्हणे. आमच्या आईला दिलं नाही. का?

बहुतेक वेळा कारण घड्याळात असतं. अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. १९९५ मध्ये अल्टेप्लेजचा फायदा सिद्ध झाला तेव्हा मर्यादा ३ तासांची होती, २००८ मध्ये ती साडेचारपर्यंत वाढली. सकाळी उठल्यावरच हात लुळा दिसला तर झटका रात्री कधी आला हे कळत नाही. तिथे खास प्रकारचा एमआरआय किंवा स्कॅन करून काही पेशंट निवडता येतात, पण ती सोय सगळीकडे नाही.

दुसरी कारणं रक्तस्रावाच्या भीतीची. स्कॅनमध्ये रक्त दिसणं, औषधं देऊनही १८५/११० च्या खाली न येणारा रक्तदाब, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, वॉर्फरिन या गोठण मंदावणाऱ्या गोळीमुळे १.७ च्या वर गेलेला आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा), आणि १ लाखापेक्षा कमी प्लेटलेट्स. स्ट्रोकमध्ये प्लेटलेटचा आकडा खरोखर निर्णायक ठरतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक. तरीही तसा संशय नसेल तर रिपोर्टची वाट बघत इंजेक्शन अडवून ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट. हे औषध फायब्रिनचं जाळं तोडतं (प्रश्न ३ मधल्या काट्याकुट्या). ज्या गुठळीत प्लेटलेट्स ठासून भरलेल्या असतात ती त्याला सहज दाद देत नाही. मोठ्या धमनीतली लांबलचक गुठळीही अशीच हट्टी. तिथे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात, त्याला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. २०१५ मध्ये लागोपाठ आलेल्या पाच अभ्यासांनी तिचा फायदा पक्का केला आणि २०१८ पासून निवडक पेशंटना ती २४ तासांपर्यंत करता येते. इंजेक्शन दिलं असेल तर अ‍ॅस्पिरिन साधारण एक दिवस थांबवून, पुन्हा स्कॅन पाहून सुरू करतात. ‘पहिल्या दिवशी गोळीच दिली नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

८. शेजारच्यांना एकच अ‍ॅस्पिरिन दिली आणि आमच्या काकांना दोन गोळ्या. काकांचा आजार जास्त आहे का?

उलट असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी प्रामुख्याने दोघांना देतात: सौम्य झटका आलेल्यांना आणि ‘मिनी स्ट्रोक’वाल्यांना. मिनी स्ट्रोक म्हणजे हात लुळा पडला, बोबडी वळली आणि तासाभरात सगळं पूर्ववत झालं. लोक याला ‘गॅस चढला’ म्हणून सोडून देतात, आणि इथेच मोठी चूक होते, कारण पुढचा मोठा झटका बऱ्याचदा दोन-चार दिवसांतच येतो.

अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची हाळी बंद करते, क्लोपिडोग्रेल एडीपीची हाळी ऐकू येणारे कान बंद करते. दोन वाटा एकदम अडवल्या की चेतलेल्या प्लेटलेट्स लवकर गप्प होतात. चीनमध्ये ५,१७० पेशंटवर झालेल्या ‘चान्स’ अभ्यासात (२०१३) नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ९० दिवसांत ११.७ टक्के जणांना पुन्हा स्ट्रोक झाला, २१ दिवस जोडी घेतलेल्यांत ८.२ टक्के. पाच वर्षांनी प्रामुख्याने अमेरिकेत झालेल्या ‘पॉइंट’ अभ्यासानेही फायदा दाखवला, मात्र तिथे जोडी ९० दिवस दिली आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण ०.४ वरून ०.९ टक्क्यावर गेलं. फायदा पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेला आणि धोका रोज थोडा थोडा साठणारा, म्हणून साधारण २१ दिवस हा मधला मार्ग रूढ झाला.

मोठ्या झटक्यात मेंदूचा बराच भाग दुखावलेला असतो आणि त्यात नंतर रक्त उतरण्याची भीती असते. म्हणून तिथे सहसा एकच गोळी. एकटी अ‍ॅस्पिरिनही कमी समजू नका. १९९७ च्या दोन अभ्यासांत मिळून सुमारे ४० हजार पेशंट होते. पहिल्या ४८ तासांत ती सुरू केल्यास दर हजारी नऊ-दहा जणांचा मृत्यू किंवा नवा झटका टळतो, असं त्यातून दिसलं.

९. सहा महिने झाले, दोन्ही गोळ्या चालूच आहेत. एक बंद करू का?

विचारा जरूर, बंद मात्र स्वतःहून करू नका. पुष्कळदा डिस्चार्ज कार्डवर ‘२१ दिवस’ लिहिलेलं असतं आणि मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून वर्षभर दोन्ही देत राहतो. लांब काळ जोडी घेतल्याने रक्तस्राव वाढतो आणि स्ट्रोक काही कमी होत नाहीत, हे २००४ आणि २०१२ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

पण अपवाद आहेत. हृदयात किंवा मानेच्या धमनीत स्टेंट असेल तर जोडीची मुदत वेगळी ठरते, आणि ती मोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कवटीच्या आतली धमनी फार अरुंद झाली असेल तर ९० दिवसांपर्यंत जोडी देतात, आणि हा आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. तेव्हा प्रश्न असा विचारा: ‘दुसरी गोळी कशासाठी आहे आणि किती तारखेपर्यंत?’ उत्तर कार्डावर लिहून घ्या.

१०. ‘रक्त पातळ करायच्या’ सगळ्या गोळ्या सारख्याच ना?

नाहीत, आणि पहिली गोष्ट म्हणजे रक्त कुठल्याच गोळीने पातळ होत नाही. दाट रश्शात पाणी घातल्यासारखं काही घडत नसतं. गुठळी जमण्याची क्रिया मंदावते, इतकंच.

गोळ्यांची दोन घराणी आहेत. एक प्लेटलेट्सवर काम करणारं: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, सिलोस्टाझोल. दुसरं गोठण घटकांवर काम करणारं: वॉर्फरिन, अ‍ॅसिनोकुमेरॉल, आणि नव्यांपैकी डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, अ‍ॅपिक्साबान. कोणतं घराणं निवडायचं हे गुठळी कुठे जन्मली यावर ठरतं. धमनीत रक्त वेगाने धावतं, तिथे प्लेटलेट्सची पांढुरकी गुठळी बनते. हृदयाचे ठोके अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, की डाव्या वरच्या कप्प्याच्या खिशासारख्या कोपऱ्यात रक्त साचतं. साचलेल्या रक्तात फायब्रिन आणि तांबड्या पेशींची लाल गुठळी बनते आणि सुटून मेंदूत जाते. ही दुसरी गुठळी अ‍ॅस्पिरिनला फारशी जुमानत नाही. म्हणून ईसीजी, इको आणि गरज पडल्यास २४ तासांचं होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) हे ‘हॉस्पिटलने उगाच लावलेले खर्च’ नसतात. (प्रत्यक्षात काढलेल्या बहुतेक गुठळ्यांत दोन्हींची सरमिसळ सापडते. पांढरी-लाल ही विभागणी समजण्यापुरती.)

आपल्याकडे आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले पेशंट. नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही म्हणून अनेक जण त्या मागतात. पण साडेचार हजारांवर पेशंटच्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात (२०२२) अशा झडपांच्या आजारात जुनी वॉर्फरिनसारखी गोळीच रिव्हरॉक्साबानपेक्षा सरस ठरली. धातूची कृत्रिम झडप असेल तरही जुनीच.

११. असिट्रॉम (अ‍ॅसिनोकुमेरॉल) चालू आहे. मेथी, पालक, कोथिंबीर बंद करायची का? आणि लसूण?

बंद नको, प्रमाण सारखं ठेवा. हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. आठवडाभर पालेभाजी नाही आणि मग श्रावणात रोज पालेभाजी, असं झालं की आयएनआर झोके घेतो. बहुतेकांना तो २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, काही कृत्रिम झडपांना थोडा वर. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलवाल्यांना हे पथ्य अजिबात नाही, तरी घरोघरी पाळलं जातं.

लसणाची फोडणी आणि भाजीतली हळद यांनी काही बिघडत नाही. पण लसणाच्या कॅप्सूल, कर्क्युमिनच्या गोळ्या, ‘ब्लॉकेज उघडणारे’ काढे हे गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढवू शकतात आणि गोळ्यांची जागा तर घेऊच शकत नाहीत.

१२. अ‍ॅस्पिरिन किती वाजता घ्यावी? एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

वेळ कोणतीही चालते, रोज तीच असावी. बरेच जण दुपारच्या जेवणानंतर घेतात. राहिली तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच.

एका दिवसाने लगेच आभाळ का कोसळत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं मोडते. केंद्रक नसल्यामुळे (प्रश्न २) प्लेटलेट ते पुन्हा बनवू शकत नाही, मरेपर्यंत मुकी राहते. अ‍ॅस्पिरिनचं हे काम जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडायला सुरुवात केली, १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. मात्र अस्थिमज्जा रोज सुमारे दहावा हिस्सा ताज्या प्लेटलेट्स रक्तात सोडते. तीन-चार दिवस गोळी चुकली की बोलक्या प्लेटलेट्सची संख्या पुन्हा काम दाखवण्याइतकी होते. मधुमेहात ही उलाढाल आणखी वेगाने होते. गावाला जाताना, लग्नघरी, वारीत गोळ्यांचं पाकीट मागे राहतं आणि नेमके तेच तीन-चार दिवस जातात.

७५ की १५० मिलिग्राम हा वाद पेशंटांत जोरात चालतो. लांब पल्ल्याला ७५ पुरते. डोस वाढवून फायदा तेवढाच राहतो, पोटातला रक्तस्राव वाढतो.

१३. गोळी चालू असतानाच दुसरा झटका आला. म्हणजे अ‍ॅस्पिरिन आईला लागू पडत नाही?

शक्यता चार आहेत, आणि मी त्या याच क्रमाने तपासेन.

गोळी खरंच रोज घेतली जात होती का? पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा, आईला विचारू नका. ती ‘घेते’ असंच म्हणणार.

दुसरं, सोबत गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन चालू आहे का? ती एन्झाइमच्या दारात आधी जाऊन बसते आणि अ‍ॅस्पिरिनला आत शिरू देत नाही, आणि काही तासांनी स्वतः निघून जाते. पॅरासिटामॉलने असं होत नाही.

तिसरं, झटक्याचं कारणच वेगळं असेल, जसं की कधीतरीच अनियमित होणारे ठोके (प्रश्न १०). तिथे प्लेटलेट्सवरची कुठलीही गोळी अपुरीच पडणार.

चौथं, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांसाठी. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला धार लावतं. आशियाई लोकांत हे एन्झाइम जन्मतः मंद असणाऱ्यांचं प्रमाण युरोपियनांपेक्षा बरंच जास्त आहे. ‘चान्स-२’ अभ्यासात (२०२१) अशा जनुकाच्या पेशंटमध्ये टिकाग्रेलॉर दिल्यावर ९० दिवसांत ६.० टक्के जणांना पुन्हा स्ट्रोक झाला, क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के. ही जनुकतपासणी भारतात होते, पण सरसकट करत नाहीत. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल याच एन्झाइमला अडवतात. त्याऐवजी पँटोप्राझोल चालते. हा बदल फुकटात होतो, म्हणून आधी तो पाहा.

१४. दाढ काढायची आहे. गोळी किती दिवस आधी बंद करू?

एका दाढेसाठी बहुधा एकही दिवस नाही. हिरडीतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं, मेंदूतली गुठळी तशी थांबवता येत नाही. मोतीबिंदूचंही साधारण तसंच. मोठ्या शस्त्रक्रियेचं गणित वेगळं: क्लोपिडोग्रेल बहुधा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन पुष्कळदा चालूच ठेवतात. सर्जन आणि मेंदूचे डॉक्टर यांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. निरोप्याचं काम नातेवाइकांच्या गळ्यात पडतं आणि निरोप वाटेत बदलतो.

१५. सासरे स्ट्रोकनंतर अ‍ॅस्पिरिनवर आहेत आणि आता डेंग्यू झाला. प्लेटलेट्स ६० हजारांवर आल्या. गोळी चालू ठेवायची का?

दोन्हीकडून कात्री. डेंग्यूत रक्तस्रावाची भीती, गोळी सोडली तर गुठळीची. एका ओळीचं उत्तर नाही. ५० हजारांच्या खाली गेल्यावर किंवा हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, पोटात जोराचं दुखणं अशी लक्षणं दिसल्यावर डॉक्टर गोळी तात्पुरती थांबवण्याकडे झुकतात. महिन्याभरापूर्वीच स्टेंट टाकला असेल तर तेच डॉक्टर जास्त जोखीम घेऊन ती चालू ठेवतील. म्हणून ताप आल्याच दिवशी सांगा की पेशंट अ‍ॅस्पिरिनवर आहे. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

गोळी थांबवली तर पुन्हा कधी सुरू करायची हे त्याच वेळी विचारून ठेवा. प्लेटलेट्स दोन लाखांवर येतात, घरात पेढे वाटले जातात आणि बंद झालेली अ‍ॅस्पिरिन सगळे विसरतात.

पपईच्या पानांचा रस: काही छोट्या अभ्यासांत आकडा थोडा लवकर वर गेला. रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाल्याचं त्यातून सिद्ध झालेलं नाही. ताप ओसरल्यावर प्लेटलेट्स आपसूक वाढतात आणि श्रेय शेवटच्या ग्लासाला मिळतं.

१६. अ‍ॅस्पिरिन चालू असताना मेंदूत रक्तस्राव झाला. ताज्या प्लेटलेट्स चढवल्या तर रक्त थांबेल ना?

तर्काला हे पटतं. जुन्या मुक्या आहेत, बोलक्या आणून सोडा. अनेक ठिकाणी तसं करतही होते. मग नेदरलँड्स, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या १९० पेशंटवर ‘पॅच’ हा अभ्यास झाला (२०१६) आणि निकाल उलटा आला. प्लेटलेट्स चढवलेल्यांपैकी जास्त जण दगावले किंवा परावलंबी राहिले. त्यामुळे तातडीचं ऑपरेशन नसेल तर आता त्या सरसकट चढवत नाहीत. नातेवाईक रात्री डोनर शोधत पळत असतात आणि डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो.

पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग आता अ‍ॅस्पिरिन जन्मभर बंद?’ तसंही नाही. ‘रीस्टार्ट’ अभ्यासात (२०१९) ५३७ पेशंट होते. रक्तस्रावातून सावरल्यावर योग्य कारणासाठी गोळी पुन्हा सुरू केलेल्यांत नवा रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. कधी सुरू करायची ते स्कॅन, रक्तदाब आणि हृदयाची स्थिती पाहून ठरवतात.

१७. वहिनी अवघी २६ वर्षांची, बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. तिला कशी गुठळी झाली?

हा बहुधा शिरेतला स्ट्रोक. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, मागे रक्त तुंबतं. सुरुवात लुळेपणाने होतेच असं नाही. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, फिट येणं अशी होते, आणि बाळंतिणीचं डोकं दुखणं कुणी मनावर घेत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सुमारे सहा आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, ही निसर्गाची प्रसूतीच्या रक्तस्रावासाठीची तजवीज. त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत, रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांची भर पडते. पाणी पोटभर द्या, अंगावर सुटत नाही.

सणासुदीला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांनीही हा धोका वाढू शकतो. गौरी-गणपतीत त्या चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जातात. अर्धशिशी, लठ्ठपणा किंवा घरात कुणाला गुठळीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

उपचारातली गोष्ट नातेवाइकांना हमखास गोंधळात टाकते. स्कॅनमध्ये रक्त दिसत असतानाही इथे हेपॅरिन हे गोठण रोखणारं इंजेक्शन देतात. ते रक्त शीर तुंबल्यामुळे झिरपलेलं असतं, शीर मोकळी होणं हाच त्यावर इलाज. प्रश्न ६ आणि १६ मध्ये जे सांगितलं ते इथे लागू नाही.

१८. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ९ लाख आल्या. जास्त म्हणजे चांगलंच ना?

नाही, पण लगेच घाबरायचंही कारण नाही. वाढलेल्या आकड्याची नेहमीची कारणं साधी असतात: लोहाची कमतरता, जंतुसंसर्ग, नुकतंच झालेलं ऑपरेशन, प्लीहा काढलेली असणं. कारण गेलं की आकडा उतरतो.

तो महिनोन्‌महिने वरच राहिला तर अस्थिमज्जेचा आजार आहे का ते पाहतात. त्यासाठी जेएके२ या जनुकातला बदल तपासतात, तो २००५ मध्ये सापडला. या आजारात स्ट्रोक हे पहिलंच लक्षण असू शकतं. गंमत अशी की आकडा १० लाखांच्या बराच पुढे गेला तर गुठळीऐवजी रक्तस्राव होऊ शकतो, कारण एवढ्या प्लेटलेट्स वॉन विलेब्रँड फॅक्टर (प्रश्न ३) शोषून संपवतात. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन देण्याआधी रक्तविकारतज्ज्ञ थांबून तपासणी करतात.

१९. आणि प्लेटलेट्स कमी असूनही गुठळी होऊ शकते का?

होते, आणि असे आजार जाणकारांनाही चकवतात. कमी आकडा म्हणजे कधी कधी प्लेटलेट्स गुठळ्यांमध्ये खर्ची पडत आहेत. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार), विशेषतः वारंवार गर्भपात झालेल्या तरुण बायकांत, प्लेटलेट्स थोड्या कमी असतात, एपीटीटी ही गोठण्याची चाचणी लांबते, म्हणजे कागदावर रक्त ‘पातळ’ दिसतं, आणि पेशंटला मात्र गुठळ्या होत राहतात. तिथे वॉर्फरिनच जास्त भरवशाची. हेपॅरिन सुरू केल्यावर ५ ते १० दिवसांत आकडा निम्म्यावर आला तर हेपॅरिनच गुठळ्या घडवत असू शकतं, ते ताबडतोब थांबवावं लागतं. बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट्सच्या गुठळ्या होणाऱ्या टीटीपी नावाच्या आजारात रक्तातला प्लाझ्मा बदलावा लागतो आणि प्लेटलेट्स चढवणं सहसा टाळतात.

या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट तपासायची असते. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट्स नळीतच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला तो पुंजका एकच दाणा वाटतो. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त मागवतात, आणि ४० हजारांचे दोन लाख होतात.